धक्क्यावर बसलेला माणूस

जयगडच्या किल्ल्याची एक कथा आहे. शास्त्री नदी समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या तोंडावरच्या डोंगरावर हा किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा तट काही केल्या उभा राहीना. दिवसा चढवावा आणि रात्री ढासळावा. नरबळी दिल्यावाचून तट टिकणार नाही असे ठरले, आणि जयबा नावाचा एक तरुण स्वखुशीने पुढे झाला. त्याचा बळी दिला, तट उभा राहिला, आणि त्याच्या नावावरून किल्ल्याला जयगड म्हणू लागले. किल्ल्यात जयबाचे स्मारक आजही दाखवतात. जाणारे-येणारे तेथे हात जोडतात.

माझे आजोळ जयगडचे. ही कथा मी प्रथम आजीच्या तोंडून ऐकली, तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. कथा संपल्यावर मी विचारले, "जयबाची आई काय म्हणाली?" आजी क्षणभर थांबली. "तें काय ठाऊक नाही हो," ती म्हणाली, "झोप आता."

पुढे माझे सगळे आयुष्य मराठी शिकवण्यात आणि पुस्तकांवर बरेवाईट लिहिण्यात गेले. टीकाकार म्हणून मी जे काही प्रश्न विचारायला शिकलो, त्यांतला पहिला प्रश्न मला त्या रात्री नकळत सुचला होता असे आता वाटते. ही कथा तटाच्या बाजूने सांगितलेली आहे. तीत तट का ढासळला हे आहे, तो कसा टिकला हे आहे. जयबाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही हे नाही. आणि सर्वांत मोठी मख्खी आहे ती 'स्वखुशीने' या एका शब्दात. जयबा स्वखुशीने गेला असे म्हटले की ऐकणाऱ्याला रात्री झोप लागते. तो शब्द जयबासाठी नाही, आपल्यासाठी घातलेला आहे.

दिवाळी अंकात टीकालेख कोणी वाचीत नाही हे मला ठाऊक आहे. कथा वाचून होतात, व्यंगचित्रे पाहून होतात, भविष्य दोनदा वाचून होते, आणि टीकालेखाच्या पानावर चिवड्याची वाटी ठेवतात. तरीही आज लिहावयास बसलो, कारण जो विषय मनात आहे तो घराघरांतला आहे, आणि त्याचा वाङ्मयाशी असलेला संबंध मला फार उशिरा, आणि आपल्याच फजितीतून कळला. दुसऱ्याच्या मनात शिरणे ही ती गोष्ट. हल्ली मानसशास्त्राची पुस्तके तिला 'समानुभूती' म्हणतात. मनाने आजारी असलेल्या माणसाला औषधाइतकीच तिची गरज असते, असे ती पुस्तके सांगतात. ते खरे आहे. पण आपण वाङ्मयाची माणसे, आपण तर तिच्याच जोरावर कथा वाचतो आणि लिहितो. मग ती आपल्याला घरी का साधत नाही?

माझे धाकटे मामा मुंबईला एका गिरणीत हजेरीचे कारकून होते. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो कसा संपला हे धड कोणालाच सांगता येत नाही, कारण तो रीतसर संपलाच नाही. कोकणातली हजारो माणसे त्यात परत गावी आली, तसे मामाही आले. पहिली काही वर्षे बरी गेली. दहा-बारा कलमे होती, थोडी भातशेती होती. पुढे केव्हातरी ते रोज दुपार कलली की धक्क्यावर जाऊन बसू लागले. अंधार पडेपर्यंत बसत. मुंबईची आगबोट जयगडला लागण्याचे दिवस तेव्हा सरले होते, आणि मामा बोटीची वाट पाहत बसतात, अशी गावात थट्टा सुरू झाली.

"काय मामा, बोट आली का?" कोणी विचारी.

"आली हो. पण कप्तान जेवायला बसलाय. हात धुतले की शिटी देईल."

किंवा, "तिकीट काढून ठेव. सुटे पैसे आण, कप्तानाकडे मोड नसते."

मामांची ही उत्तरे आमच्या घरात प्रसिद्ध होती. मी त्यांची नक्कल करीत असे, आणि ती उत्तम करीत असे, हे सांगताना आज मला आनंद होत नाही. टोपी किंचित पुढे ओढायची, गुडघ्यावर हात ठेवायचा, नजर खाडीपलीकडे तवसाळच्या डोंगराकडे लावायची आणि ओठ फारसे न हलवता बोलायचे. नरकचतुर्दशीला सकाळी कारीट फोडून झाले, अभ्यंगस्नाने झाली आणि गूळपोहे, दहीपोहे यांच्या ताटल्या फिरू लागल्या की कोणीतरी म्हणावयाचेच, "होऊन जाऊ दे बोट!" मग मी उठत असे. मामा स्वतःही कोपऱ्यात बसून ऐकत आणि हसत. ते हसत, यावर आम्ही निर्धास्त होतो. तो आमचा 'स्वखुशीने' होता.

एका दिवाळीत असाच प्रयोग झाल्यावर मी मागल्या पडवीत हात धुवायला गेलो. मामी चुलीशी होती. ती म्हणाली, "तू करतोस छान. सगळं त्यांच्यासारखं. एक तेवढी बोट सोडून."

मला कळेना. मी म्हटले, "म्हणजे?"

"बोटीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. तुम्ही विचारता म्हणून उत्तर देतात. घरात नुसतं बसलं की सगळे विचारतात, काय झालं, असे का बसलात, जेवला का नाहीत. धक्क्यावर बसलेल्या माणसाला कोणी विचारतं का, का बसलास म्हणून? तो कोणाची तरी वाट बघत असणार, असंच धरून चालतात." मग जरा थांबून म्हणाली, "रात्री झोप नाही त्यांना. मीही जागीच असते. विहिरीकडचं दार मी लावून घेते आणि किल्ली उशाशी ठेवते."

मी त्या वेळी महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो.

ही बोट कोठून आली याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. गावाने ती निर्माण केली हे खरे, पण माझ्या नकलेतली बोट केवळ गावाची नव्हती. तिच्यात पुस्तकेही होती. 'व्यक्ती आणि वल्ली' हे पु. ल. देशपांडे यांचे पुस्तक माझ्या पिढीच्या घराघरांत होते. १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला अंतू बर्वा तर आमच्या रत्नागिरीचाच. त्याची वाक्ये आम्हाला तोंडपाठ होती, पु. लं.च्या स्वतःच्या आवाजातले ध्वनिमुद्रण असंख्य वेळा ऐकलेले होते, आणि एखादा तिरकस बोलणारा म्हातारा दिसला की त्याला अंतू बर्वा समजण्याची सवय लागली होती. मी मामांना अंतू बर्वा केले होते.

पण लेख पुन्हा वाचून पाहा. अंतू बर्वा हा बायको गेलेला, एकटा राहिलेला म्हातारा आहे. ती गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही, असे तो सांगतो. गावात वीज येणार या बातमीवर, काळोख आहे तेच बरे, उजेड पडल्यावर पाहावयाचे काय, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. या जागा विनोदाच्याच सुरात येतात. ज्या वाकड्या चालीने हा माणूस इतका वेळ दुसऱ्यांची टोपी उडवीत होता, त्याच चालीने तो आता आपली जखम दाखवतो, आणि लगेच झाकतो. लेखकाने यासाठी आवाज बदललेला नाही. गळा दाटून आणलेला नाही. हे कौशल्य असामान्य आहे, आणि माझ्या मते ते नुसते कौशल्य नाही. पु. लं.च्या त्या लेखातला निवेदक खुर्चीवर बसून वल्लीकडे पाहत नाही. अंतू बर्वा त्याचीही रेवडी उडवतो आणि तो ती उडवून घेतो. दोघे एकाच पातळीवर बसलेले आहेत. म्हणूनच काळोखाची गोष्ट सांगण्याइतका तो म्हातारा त्याच्याजवळ मोकळा होतो.

आम्ही रसिकांनी काय केले? उत्तरे घेतली आणि काळोख ठेवून दिला. पुस्तकाचा यात दोष नाही. पण त्या पुस्तकामागून गेल्या साठ वर्षांत दिवाळी अंकांतून जे वल्लींचे तांडे निघाले, त्यांचा मात्र आहे. प्रत्येक गावाला एक चक्रम, प्रत्येक वाड्याला एक विक्षिप्त आत्या, आणि त्यांच्या लकबी टिपणारा एक शहाणा भाचा. भाचा सुट्टीत येतो, लकबी टिपतो आणि गाडीत बसतो. अशा लेखांत त्या आत्येला एक तरी प्रश्न विचारलेला असतो का, ज्याचे उत्तर लेखकाला आधी ठाऊक नव्हते? मी तसले दोन लेख लिहिलेले आहेत. ते कोठे छापून आले हे सांगत नाही, शोधू नयेत.

मामीचे बोलणे ऐकून मी परत आलो आणि पुढल्याच आठवड्यात वर्गात 'सविकल्प समाधी' शिकवावयाची होती. योगायोग म्हणा. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून बोलताना न. चिं. केळकरांनी हा विचार मांडला. वाचनाचा आनंद कशाचा? केळकरांचे म्हणणे असे की वाचताना आपण दुसऱ्याच्या जागी जातो, त्याचे सुखदुःख भोगतो, पण आपण आपण आहोत ही जाणीव सोडीत नाही. पूर्ण विरघळून जाणे ही योग्याची निर्विकल्प समाधी. वाचकाची समाधी सविकल्प. मी असतोच, आणि शिवाय दुसराही होतो. मी फळ्यावर दोन वर्तुळे काढून ही गोष्ट समजावीत असे, एकमेकांत थोडी शिरलेली.

ही वर्तुळे मानसोपचाराच्या खोलीत जशीच्या तशी सापडतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली लिहिले की उपचार करणाऱ्याने समोरच्याचे अंतरंग जणू आपलेच असल्याप्रमाणे अनुभवावे, पण तो 'जणू' कधी हरवू देऊ नये. केळकरांनंतर छत्तीस वर्षांनी, सातासमुद्रापलीकडे. केळकरांचे त्याने वाचले असण्याचा प्रश्नच नाही. मला तरीही हा योग मोठा रम्य वाटतो. आणि गंमत अशी की ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण 'समानुभूती' योजतो, तो मुळी सौंदर्यशास्त्रातून निघालेला. रोबेर्ट फिशर या जर्मन पंडिताने १८७३ मध्ये कलाकृतीत 'आत शिरून अनुभवणे' अशा अर्थाचा एक शब्द वापरला, टेओडोर लिप्सने तो मानसशास्त्रात रुजवला आणि टिचनरने १९०९ मध्ये त्याचे इंग्रजी रूप घडवले. म्हणजे दगडी खांबाकडे, चित्राकडे पाहताना माणसाचे मन काय करते, हा प्रश्न आधी होता. आजारी माणसापाशी बसावे कसे, हा नंतर आला. आपल्याकडे सहृदय आणि साधारणीकरण या कल्पनांचा हजार वर्षे खल झाला, तोही नाटक पाहणाऱ्याच्या संदर्भात.

येथेच माझी केळकरांशी आणि एकूण आपल्या रसचर्चेशी तक्रार आहे. तिने आनंदाचा शोध घेतला. नाटकात दुसऱ्याचे दुःख पाहून मला आनंद का होतो, हे तिने फार बारकाईने सांगितले. पण पडदा पडल्यावर ती समाधी कोठे जाते, हे तिने विचारले नाही. माझी तर उंबरठ्याशी वहाणांबरोबर उतरून राही. कादंबरीतल्या परक्या माणसासाठी मी डोळे पुसले आहेत, आणि सख्ख्या मामाची नक्कल करून टाळ्या घेतल्या आहेत. पुस्तकातला माणूस गैरसोयीचा नसतो, हे त्याचे कारण असावे. तो रात्री जागवीत नाही, आणि विहिरीकडच्या दाराची काळजीही लावीत नाही.

केळकरांच्या पदरात मात्र एक माप घातलेच पाहिजे. 'स्वतःला विसरून दुसऱ्याचे व्हा' असा जो उपदेश आपण सहज करतो, तो किती अव्यवहार्य आणि किती घातक आहे हे त्यांच्या 'सविकल्प' या एका विशेषणावरून कळते. बुडणाऱ्याबरोबर जो बुडतो, तो त्याला काढू शकत नाही. मनाने खचलेल्या माणसाची घरात वर्षानुवर्षे देखभाल करणाऱ्या बायका याला साक्षी आहेत.

जयगडाहून गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत मालगुंड लागते. केशवसुतांचे हे जन्मगाव. त्यांचे स्मारकही तेथे आहे. लोक 'तुतारी'चे नाव घेतात, फोटो काढतात आणि पुळ्याला दर्शनाला जातात. मला तेथे दर वेळी 'सतारीचे बोल' ही कविता आठवते. काळोख्या रात्री एक माणूस उद्विग्न होऊन भटकतो आहे. कोठल्याशा घरातून सतारीचे बोल ऐकू येतात. पहिल्याने त्याला वाजवणाऱ्याचा संताप येतो. हा संताप मला कवितेतली सर्वांत खरी जागा वाटते. खचलेल्या माणसाला गोड गोष्ट आधी टोचते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच लिहिता येईल. मग तो थबकतो, हळूहळू डोळे भरून येतात, ताण सुटतो, आणि शेवटी जगाविषयी प्रेम वाटू लागते. कवितेचा शेवट मला थोडा घाईचा वाटतो. इतक्या लवकर इतके बरे वाटत नाही. पण एक गोष्ट केशवसुतांनी अचूक धरली: सतार वाजवणाऱ्याला त्या रस्त्यावरच्या माणसाचा पत्ताच नाही. तो कोणाला धीर देत नाही. 'असा विचार करू नये' असे सांगत नाही. तो आपला वाजवीत बसला आहे, आणि खिडकी उघडी आहे. आमच्या टीकाकारांनी या कवितेत संगीताची थोरवी पाहिली, गूढवाद पाहिला; मला ती खिडकी दिसते.

उपदेशाचा सोस आपल्या मराठी घरांना फार. मामांच्या आजारात किती जणांनी किती सांगितले! पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, मनाचे श्लोक म्हणा, चार माणसांत मिसळा. सगळे हितचिंतक. मी स्वतः एक पुस्तक पाठवले होते.

'वेड' या शब्दाकडे आपले वाङ्मय कसे पाहत आले, हा एका ग्रंथाचा विषय आहे, मी दोन-तीन ठिकाणीच थांबतो. जयवंत दळवींचे 'बॅरिस्टर' हे नाटक १९७७ मध्ये विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. विक्रम गोखले यांचा बॅरिस्टर ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. घराण्यात वेड आहे, आज ना उद्या ते आपल्याला गाठणार, या भीतीखाली जगणारा हा माणूस. दळवींनी एक मोठी गोष्ट दाखवली: वेडापेक्षा वेडाची भीती माणसाला आधी खाते. आणि त्या वाड्यात विधवेच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणारी शहाणी माणसे पाहिली की वेडा कोण, हाही प्रश्न पडतो. पण नाटकाच्या रचनेत वेड हे प्राक्तनासारखे येते. ते येणारच. असे झाले की प्रेक्षक हळहळतो आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतो, 'आमच्या घराण्यात नाही बुवा!' शोकांतिकेचा हा दुर्गुणच म्हणावा लागेल. आनुवंशिकतेने कल येतो, विधिलिखित येत नाही, हे आता डॉक्टर सांगतात; पण 'विधिलिखित' हा शब्द नाटकाला जितका मानवतो तितका 'कल' मानवत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याहून निराळ्या वाटेने गेला. कोकणातल्या देवराईने झपाटलेला शेष हा छिन्नमनस्कतेचा रुग्ण. अतुल कुलकर्णी यांनी तो जीव ओतून उभा केला, आणि कौतुकही त्याचेच झाले. मला अधिक महत्त्वाची वाटली ती त्याची बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी. ती भावाला आपल्या घरी आणते, आणि दमते. तिच्या संसाराला तडे जाऊ लागतात. ती चिडते, आणि चिडल्याबद्दल पुन्हा स्वतःवर चिडते. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला रागावण्याची मुभा देणारी मराठी कलाकृती मी त्याआधी फारशी पाहिली नव्हती. याच जोडीचा 'कासव' २०१७ मध्ये सुवर्णकमळ घेऊन आला. जीव द्यायला निघालेला एक तरुण, आणि त्याला समुद्रकाठच्या घरात आसरा देणारी, स्वतःही नैराश्यातून बाहेर येत असलेली जानकी. तिचा मोठेपणा असा की ती त्याला खोदून खोदून विचारीत नाही. मानसोपचाराचे डॉक्टर असलेले मोहन आगाशे त्यात कासवांची अंडी राखणारा माणूस झाले आहेत. चित्रपट हळवा न होता हळुवार आहे. तरीही एक शंका मनात राहते. जानकीला ऐसपैस घर आहे, मोटार आहे, हाताशी माणसे आहेत; तिला मौन परवडते. ज्या बाईला आजारी माणसापाशी बसायचे आहे आणि संध्याकाळचा स्वयंपाकही करायचा आहे, तिने काय करावे? कासवाच्या प्रतीकाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

माझ्या मामीने ते शोधले होते.

त्यापूर्वी एक सांगितले पाहिजे. मुंबईकडे एखाद्याला वेड्यात काढायचे तर 'ठाण्याला पाठवा' म्हणतात, पुण्याकडे 'येरवड्याला'. आमच्या जिल्ह्यात त्या अर्थाने 'रत्नागिरी' म्हणतात. सरकारी मनोरुग्णालय तेथे एकोणिसाव्या शतकापासून आहे. आता कोर्टही रत्नागिरीला, बाजारही रत्नागिरीला आणि हेही रत्नागिरीला! मामी मामांना घेऊन रत्नागिरीच्या एका डॉक्टरांकडे जाऊ लागली, तेव्हा एस.टी.त कोणी विचारले की ती 'बाजाराला' म्हणत असे. खोटे बोलायला नको म्हणून दर खेपेला बाजारातून काहीतरी आणी, बहुधा केरसुणी. वर्षभरात त्या घरात केरसुण्यांचा ढीग झाला. मला वाटते, एखाद्या कथालेखकाने याच केरसुण्यांवर कथा लिहायला हवी होती. मी बोटीवर नक्कल केली.

काळ पालटला हे मान्य केले पाहिजे. १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेड' होते. २०१७ च्या कायद्याच्या नावात आरोग्यसेवा आहे, आणि जीव देण्याचा प्रयत्न करणाराकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, असे तो सांगतो. 'धरून चालावे', मामीचे शब्द. आता १४४१६ या सरकारी क्रमांकावर दूरध्वनी केला तर मराठीत ऐकून घेणारा माणूस मिळतो. मामीला तेव्हा यांतले काहीच नव्हते.

तिने केले ते एवढेच. आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, ते पातेले पदराखाली घ्यायचे आणि चार वाजता धक्क्यावर जाऊन मामांच्या शेजारी बसायचे. ती काही बोलत नसे. संध्याकाळच्या बिरड्याचे वाल तिला सोलायचेच होते; घरी सोलण्याऐवजी ती तेथे सोली. गावाने तिचीही थट्टा केली. 'कप्तानासाठी बिरडे का?' ती 'हो' म्हणे. पहिले कित्येक दिवस मामांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मग एकदा त्यांनी न बोलता पातेल्यात हात घातला.

वाल हातचे न सोडणे, हीच माझ्या मते सविकल्प समाधी. वर्गात मला ती वर्तुळे काढून कधी इतकी स्वच्छ समजावता आली नाही.

त्याने मामा बरे झाले असे नाही. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, त्या दोनदा बदलाव्या लागल्या. मध्ये एक पावसाळा फार वाईट गेला. पण झोप येऊ लागली, आणि केव्हातरी विहिरीकडच्या दाराची किल्ली खुंटीवर परत गेली. हे मला मामीनेच एका पत्रात, शेवटच्या ओळीत लिहिले.

ते पत्र आले त्या वर्षी दिवाळीत मी जयगडला गेलो. 'बोट होऊन जाऊ दे' अशी फर्माईश झाली, आणि मी घसा बसल्याचे निमित्त सांगितले. कोपऱ्यातून मामांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत.

पाडव्याच्या दिवशी दुपारी मामी फराळाची ताटे भरण्यात गुंतली होती. तिने मला हाक मारली आणि पातेले माझ्या हातात दिले. "जा, आज तू जा."

आता तिकडे मोठे बंदर झाले आहे, वीजकेंद्राची धुराडी लांबून दिसतात. तेव्हा तेवढे काही नव्हते. मामा नेहमीच्या जागी बसले होते. मी शेजारी बसलो. क्षमा मागावी असे मनात होते, वाक्यही जुळवून आणले होते. चांगले वाक्य होते. ते बोललो नाही. वाल सोलायला लागलो. मला ते येत नव्हते, चिमटीत धरले की डाळिंबी मोडे.

बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "दाबू नको. सुटते ती आपोआप."

तवसाळहून तरीची होडी आली. पाडव्याला माहेरी आलेल्या लेकी-जावई, पिशव्या, एक कोंबड्यांची टोपली उतरली. माणसे आमच्या बाजूने वर गेली. कोणी आम्हाला काही विचारले नाही.